तांबडी सुर्ल्याचे राऊळ

राजेरजवाड्यांनी उभारलेल्या मोठ्या देवालयांचा इतिहास शिलालेखांत आणि ताम्रपटांत सापडतो. वेरूळचे कैलास लेणे, तंजावरचे बृहदीश्वर किंवा हंपीचे विठ्ठल मंदिर यांची वर्णने करणारे ग्रंथ थोडेथोडके नाहीत. खेड्यातील लहानशा देवळाकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा गिरमिटावर अंगठा उठवून समुद्रापार गेले, त्यांच्या घराण्यात मायदेशाची एखादी आठवण उरली असेल, तर ती अशाच लहान देवळाची असते. गावाचे नाव पुसट होते, नदीचे नाव विसरले जाते, भाऊबंदांची नावे तर दुसऱ्या पिढीतच लोपतात. पण ‘गावी एक दगडी देऊळ होते आणि त्याच्यापुढे पाण्याचा ओहोळ होता’ एवढे वाक्य आजी नातीला सांगते आणि नात ते पुढे आपल्या नातीला सांगते. म्हणून अशा एका देवळाची ओळख करून घेणे, हे स्थलांतरितांच्या वंशजांना केवळ पुराणवस्तूंच्या हौसेचे काम नव्हे.

गोमंतकाच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, अनमोड घाटाच्या खालच्या रानात तांबडी सुर्ला नावाचे स्थान आहे. पणजीपासून ते सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर पडते. सभोवार भगवान महावीर अभयारण्याचे घनदाट अरण्य आहे. वाट संपते तेथे झाडी एकाएकी मागे सरते आणि मोकळ्या हिरवळीवर काळसर दगडाचे एक ठेंगणे देऊळ दृष्टीस पडते. शेजारून सुर्ल्याची नदी वाहते व देवळापासून तिच्या पात्राकडे उतरता येते. मोठ्या तीर्थक्षेत्री यात्रेकरूला जो गजबजाट भेटतो, त्याचा येथे मागमूस नाही. पाण्याचा आवाज आणि पाखरांची किलबिल एवढेच काय ते स्वागत. हे महादेवाचे राऊळ बाराव्या-तेराव्या शतकातले असावे, असे अभ्यासक मानतात.

त्या काळी गोव्यावर कदंबांचे राज्य होते. सिंह हे त्यांचे राजचिन्ह. प्रथम चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, आणि पुढे जुवारीच्या तीरावरील गोपकपट्टण ही त्यांची राजधानी. समुद्रावरील व्यापाराने हे घराणे संपन्न झाले होते आणि घाटावरच्या मुलखाशी त्याचा निकटचा संबंध होता. शिवचित्त परमाडी या कदंब राजाची राणी कमलादेवी हिने घाटावर देगाव येथे कमलनारायणाचे मंदिर बांधविले. ते आजही बेळगाव जिल्ह्यात उभे आहे. घाटाखालून घाटावर जाणाऱ्या वाटांवर व्यापाऱ्यांचे तांडे चालत. तांबडी सुर्ल्याचे देऊळ अशाच एका वाटेच्या पायथ्याशी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आज निर्जन वाटणारे हे स्थान त्या काळी तसे नसावे, हे उमगते.

या देवळाविषयी पहिली विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याचा दगड. गोव्याच्या भूमीत जिकडे तिकडे जांभा. तो खाणीतून काढताना मऊ असतो व वारा लागून कठीण होतो; घराच्या भिंतींना तो उत्तम. परंतु त्याच्या सच्छिद्र अंगावर नाजूक कोरीव काम उठत नाही. राऊळ बांधणाऱ्यांना कमळाची पाकळी आणि हत्तीची सोंड कोरावयाची होती. त्यासाठी बारीक पोताचा काळसर दगड त्यांनी घाटावरच्या पठारावरून खाली उतरवून आणला, असे मानले जाते. ज्या घाटात आज मोटारीही दम टाकतात, त्या घाटातून एकेक शिळा खाली आणण्यास किती माणसे आणि किती बैल लागले असतील, याची केवळ कल्पनाच करावी. त्या ओझेवाल्यांची आणि पाथरवटांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

रचना साधी आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना प्रथम सभामंडप, मग अंतराळ आणि शेवटी गर्भगृह असे तीन भाग लागतात. सभामंडप खुला असून त्याला तीन बाजूंनी वाटा आहेत. कडेने बुटकी भिंत आणि तिच्यावर छताचा भार घेणारे आखूड खांब आहेत. छप्पर उतरत्या शिळांचे आहे. कोकणात पाऊस कोसळतो तेव्हा घाटावरचे सपाट धाबे टिकत नाही, हे बांधणाऱ्यांनी जाणले होते. म्हणून घाटावरची शैली खाली आणताना त्यांनी तिला कोकणचा उतार दिला. बाहेरून पाहणाऱ्याला हे छप्पर अगदी साधे, जवळजवळ ओबडधोबड वाटते. आत पाऊल टाकताच मात्र त्याची समजूत पालटते.

मंडपाच्या मध्यभागी चार खांब आहेत आणि त्यांवर हत्ती, साखळ्या व वेलबुट्टी कोरलेली आहे. एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली तुडविणारा हत्ती दिसतो. या चार खांबांनी जे छत पेलले आहे, त्याच्या पोटाशी एक पूर्ण उमललेले कमळ आहे. पाकळ्यांचे थर एकातून एक असे खाली उतरत येतात, आणि त्या अंधुक प्रकाशात दगड जड असतो ही गोष्टच माणूस क्षणभर विसरतो. कमळाच्या खाली नंदी बसला आहे, पण त्याचे मस्तक कोणीतरी फोडून नेले आहे. पुढे अंतराळाच्या दारालगत दगडाची जाळी आहे आणि तिच्यात फुलांचे नक्षीकाम आहे. त्यापलीकडे काळोखात महादेवाची पिंडी आहे.

गर्भगृहावरील शिखर तीन थरांचे आहे आणि त्याचा माथा अपुरा आहे. ते मुळातच पुरे झाले नाही की पुढे ढासळले, याविषयी दोन मते आहेत. शिखराच्या अंगावर ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांच्या प्रतिमा त्यांच्या पत्नींसह कोरल्या आहेत. दगडावर दगड नेमका बसवून, चुन्याचा आधार न घेता केलेल्या अशा बांधणीला महाराष्ट्रात हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला; आणि त्याच्या नावावर मोडणारी कित्येक देवळे त्याच्या जन्माआधीची आहेत. लोकांनी एका विद्वान मंत्र्याचे नाव लक्षात ठेवले आणि त्या नावाखाली असंख्य अनाम कारागिरांचे श्रम जमा केले.

देवळाचे तोंड पूर्वेस आहे. सूर्य उगवला म्हणजे त्याचे पहिले किरण मंडपातून सरळ आत शिरतात आणि पिंडीला स्पर्श करतात. येथे युरोपातील मध्ययुगीन खेड्यांमधल्या लहान चर्चची आठवण होणे स्वाभाविक आहे. तीही याच शतकांत, अशाच अनाम गवंड्यांनी बांधली आणि त्यांचीही मांडणी पूर्वपश्चिमच होती. माणसांचे दालन आधी आणि वेदीचे दालन त्यापुढे, हा क्रमही मंडप आणि गाभारा यांच्यासारखाच. मात्र एक अंतर आहे. चर्चमधील वेदी पूर्वेच्या टोकाला असते, म्हणून तेथे भक्त उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा राहतो. सुर्ल्याला सूर्य भक्ताच्या पाठीशी असतो आणि देव त्याच्याकडे पाहत असतो.

सिंगापुरातील वाचकाला मध्ययुगीन चर्चचे रूप पाहण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. बिशानहून तांबड्या मार्गिकेच्या आगगाडीने सिटी हॉलला उतरले की सेंट अँड्र्यूजचे शुभ्र कॅथेड्रल समोर येते. ते खेड्यातले नाही आणि लहानही नाही. १८५६ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि १८६१ मध्ये तेथे पहिली उपासना झाली. परंतु त्याच्या टोकदार कमानींचा आदर्श इंग्लंडमधील नेटली येथील तेराव्या शतकातला मठ हा होता, म्हणजे सुर्ल्याच्या राऊळाचा साधारण समकालीनच. आणि ते बांधले ते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठविलेल्या बंदिवानांनी. शिंपल्यांचा चुना, अंड्यांतील पांढरा बलक आणि साखर घोटून, नारळाच्या सोडणांचे पाणी घालून केलेला मद्रासी गिलावा त्यांनी त्या भिंतींना दिला आणि स्फटिकाच्या गोट्याने घासून त्याला झिलई आणली. ज्यांच्या हातांनी मध्ययुगाचे रूप विषुववृत्ताजवळ उभे राहिले, तेही आपले नाव मागे ठेवून गेले नाहीत. सुर्ल्याचे पाथरवट आणि सिंगापूरचे हे बंदिवान यांच्यात सहा शतकांचे अंतर आहे, पण नियतीचे नाही.

आता प्रश्न असा की, गोव्यात कदंबांच्या काळची इतकी देवळे असताना नेमके हेच का वाचले? उत्तर भूगोलात आहे आणि राजकारणातही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या त्यांच्या ताब्यातील महालांत देवळे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. सुर्ल्याचा डोंगराळ भाग त्या वेळी त्यांच्या सत्तेबाहेर होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो त्यांच्याकडे आला, तोवर त्या मूर्तिभंजक धोरणाचा जोर ओसरला होता. राजधानीपासून दूर असणे हे एरवी खेड्याचे दुर्दैव समजले जाते. येथे ते राऊळाचे कवच ठरले. दगड न हलता, देव न हलता, सात-आठ शतके ते जेथल्या तेथे राहिले.

सासष्टीतील देवांना हे भाग्य लाभले नाही. कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी, हे मंगेशाचे मूळ स्थान. १५६० मध्ये भक्तांनी पिंडी उचलली, जुवारी ओलांडली आणि आदिलशाहीच्या हद्दीत, फोंडा महालातील प्रियोळ गावी ती आणली. केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला गेली. मागे राहिलेली देवळे भुईसपाट झाली. देव निघाले ते मूर्तीच्या रूपाने, एखाद्या पेटाऱ्यात किंवा डोक्यावरच्या ओझ्यात. त्यांच्याबरोबर शिखर नव्हते, मंडप नव्हता आणि कोरीव खांबही नव्हते. नव्या ठिकाणी त्यांना प्रथम साधासा निवारा मिळाला. पुढे दोन शतकांनी दिवस पालटले. कवळ्याचे सध्याचे देवालय १७३८ च्या सुमारास, शाहू छत्रपतींच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने उभे राहिले. १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या शब्दावरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला.

या नव्या देवळांचे शिल्प मोठे उद्बोधक आहे. त्यांच्या माथ्यावर कदंबांचे शिखर नाही, घुमट आहे. भिंती जांभ्याच्या व त्यांवर चुन्याचा गिलावा. खिडक्यांच्या कमानी आणि सज्जांचे कठडे गोव्याच्या चर्चची याद देतात. पुढ्यातला उंच दीपस्तंभ मजल्यामागून मजला चढत जातो. ज्या चर्चनी जुन्या देवळांच्या जागा घेतल्या, त्यांचीच काही लेणी या देवळांनी निःसंकोच अंगावर घातली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यास हे खटकेल. परंतु मंगेशाच्या दाराशी सोमवारी रांगेत उभ्या असणाऱ्या भक्ताला घुमट आणि शिखर यांतला भेद सुचत नाही. त्याचा देव तोच आहे. परमुलखी गेलेल्या माणसानेही हेच केले नाही काय? त्याने तेथली विजार घातली, तेथली भाजी खाल्ली, तेथल्या शाळेत मुले घातली. पण तुळशीपुढे सांजवात लावावयाचे सोडले नाही.

गोव्यानेच तिसरा प्रकारही पाहिला आहे. सांगे तालुक्यात कुर्डी नावाचे गाव होते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे जन्मगाव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साळावली नदीवर धरण बांधावयाचे ठरले आणि कुर्डी जलाशयाच्या पोटात जाणार हे निश्चित झाले. सुमारे तीन हजार माणसांना बिऱ्हाड हलवावे लागले. गावात महादेवाचे एक लहानसे मध्ययुगीन देऊळ होते. पुरातत्त्व खात्याने ते दगडादगडाने सोडवून धरणाजवळच्या नव्या जागी पुन्हा जोडले. येथे देव हलला आणि त्याच्याबरोबर देऊळही हलले. हलले नाही ते फक्त गाव. ते पाण्याखाली गेले. दरसाल मे महिन्यात पाणी ओसरते, घरांचे चौथरे आणि माडांचे बुंधे उघडे पडतात, आणि विखुरलेले कुर्डीकर तेथे परत येतात. हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाचे फेस्त करतात, आणि मुलांना ‘येथे आपले घर होते’ असे चिखलात उभे राहून दाखवितात. पावसाळा आला की सारे पुन्हा पाण्याखाली.

बिशानच्या रहिवाशाला ही कथा परकी वाटू नये. ज्या भूमीवर आज गृहनिर्माण मंडळाच्या इमारती उभ्या आहेत, तेथे १८७० पासून ग्वांगजौ, हुइजौ आणि झाओचिंग या तीन प्रांतांतून आलेल्या चिनी लोकांची पेक सान तेंग नावाची विस्तीर्ण दफनभूमी होती. तिच्या कडेने कंपोंग सान तेंग हे गाव वसले होते. ‘पेक सान’ म्हणजे हिरव्या टेकड्या. त्या दोन अक्षरांचा मँडरिन उच्चार ‘बिशान’. १९७९ मध्ये सरकारने ही भूमी वसाहतीसाठी संपादन केली. थडगी उकरली गेली, अस्थी हलविल्या गेल्या, गाव उठले आणि १९८७ मध्ये तेथे आगगाडीचे स्थानक सुरू झाले. परंतु पेक सान तेंगचे मंदिर आणि अस्थिकलशांचे सभागृह थोड्याशा जागेवर टिकून आहे, आणि वसंतात पूर्वजांच्या स्मरणासाठी लोक अजूनही धूप घेऊन तेथे येतात. म्हणजे बिशान हे नावच मुळी हललेल्या माणसांनी एका हललेल्या गावासाठी मागे ठेवलेले आहे. तेथे राहणारा हिंदू जेव्हा सातव्या-आठव्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात निरांजन लावतो, तेव्हा तो अजाणता कुशस्थळीच्या त्या भक्तांचा आणि सान तेंगच्या त्या कुटुंबांचा सोबती होतो.

तेव्हा सुर्ल्याचे राऊळ स्थलांतरितांच्या वंशजांना काय सांगते? ते न हललेल्या देवाचे देऊळ आहे. मग हललेल्या माणसांशी त्याचे नाते कोणते? एक उत्तर असे की, तेथे मूळ रूप पाहावयास मिळते. मंगेशी आणि कवळे येथील देवळे आपला आधीचा आकार विसरली आहेत. सुर्ल्याला तो आकार दगडात शाबूत आहे. आजीच्या तोंडच्या ‘दगडी देवळा’चा चौथरा, त्याचा मंडप, त्याच्या गाभाऱ्यातला तो थंड काळोख कसा असेल, याचा अदमास येथे बांधता येतो. म्हणून ज्याला शक्य असेल त्याने आयुष्यात एकदा ही वाट चालावी.

परंतु दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. न हलल्याने दगड वाचला, पण एवढ्याने देऊळ जिवंत राहत नाही. अरण्यात ओस पडलेली किती तरी देवळे केवळ मुळ्यांच्या विळख्यात फुटून गेली. सुर्ल्याला महाशिवरात्रीला आसमंतातील खेड्यांतले लोक जमतात, अभिषेक होतो, पिंडीवर बेल वाहिला जातो. नंदीचे मस्तक गेले तरी त्याच्या पाठीवर फूल ठेवणारा हात आहे. शिखराचा माथा अपुरा राहिला, पण समईतले तेल सरू दिले गेले नाही. कोरीव खांब पुरातत्त्व खाते राखील. तेल मात्र गावकऱ्यांनाच घालावे लागते. तिकडे मंगेशाने दगड गमावला आणि तेल राखले. म्हणूनच दोनशे वर्षांनी त्याला घुमट मिळाला.

गिरमिटावर निघालेल्या माणसाच्या गाठोड्यात दगड मावत नव्हता. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांनी काय, तामीळ देशातून मलायाच्या मळ्यांत आलेल्या मजुरांनी काय, बरोबर आणले ते आरतीचे शब्द, सणांची तिथी, नैवेद्याची कृती आणि देवाचे नाव. गोऱ्या मळेवाल्याने दिलेल्या कोपऱ्यात, पत्र्याच्या नाहीतर अत्तापाच्या छपराखाली त्यांनी एक साधा दगड मांडला आणि त्याला शेंदूर लावला. त्या दिवशी त्यांच्यापाशी कदंबांचे कमळ नव्हते. पण देवळाचा आरंभ कमळापासून होत नाही, हे त्यांना पुस्तके न वाचताही ठाऊक होते.

आज त्यांच्या पणतवंडांपाशी वास्तुशिल्पी आहेत, वर्गणी आहे आणि सभागृहही आहे. तोकडे पडते ते तेल. आरतीचे शब्द मुलांना येत नाहीत, तिथी दिनदर्शिकेत पाहावी लागते, आणि आजीचे ते एक वाक्य ऐकावयास घरात कोणी बसलेले नसते. देवळे पाडणारी सत्ता आता कोठे उरली नाही. पाणीही अंगावर चालून येत नाही. तरीही एखादी परंपरा एका पिढीत कोरडी पडू शकते, आणि तिला उकरून दुसरीकडे नेणारे पुरातत्त्व खाते जगात कोठेच नाही. सुर्ल्याच्या रानातल्या गावकऱ्यांनी सात-आठशे वर्षे जे केले, ते फारसे अवघड नाही. त्यांनी दरसाल ठरल्या दिवशी तेथे यावे, बरोबर मुलांना आणावे आणि समईत तेल घालावे, एवढेच केले.